डबा शोधण्याच्या खेळासाठीं कोणतें ॲप घ्यावें?

आमच्या शाळेंतील वरच्या वर्गांच्या मुलांस अलीकडे एका नव्या खेळाचें वेड लागलें आहे. ह्या खेळाचें इंग्रजी नांव जिओकॅशिंग असें आहे. परंतु मुलें त्यास नुसतें 'डब्याचा खेळ' म्हणतात, आणि तेंच नांव मला अधिक सोयीचें वाटतें. कोणीएक मनुष्य डोंगरावर, झाडाच्या ढोलींत अगर दगडाच्या आडोशास एक लहानसा डबा ठेवितो. त्यांत एक वही असते. त्या जागेचे अक्षांश व रेखांश तो सर्वांस कळवितो. मग ज्यास हौस असेल त्यानें हातांतील फोनच्या साह्यानें ती जागा हुडकून काढावी, वहींत आपलें नांव व तारीख लिहावी आणि डबा होता तसा परत ठेवावा, एवढाच हा खेळ. घरांत बसून फोनवर अंगठा झिजविणाऱ्या मुलास उठवून उन्हांत चार मैल चालावयास लावणारा दुसरा खेळ माझ्या तरी पाहण्यांत नाहीं, आणि म्हणून मी त्याचा पक्षपाती आहें. हें आरंभींच सांगून टाकतों, कारण पुढें मला त्याविषयीं कांहीं कडूहि बोलावयाचें आहे.

पालक भेटले म्हणजे मला विचारतात, "सर, मुलाच्या फोनमध्यें ह्या खेळाचें कोणतें ॲप घालून द्यावें?" एखाद्या दुकानाचें नांव सांगावें त्याप्रमाणें एका शब्दांत उत्तर देऊन मोकळें होतां आलें असतें, तर हा लेख लिहिण्याचें कारण पडलें नसतें.

खेळ नवा असला तरी त्याचें मूळ जुनें आहे. इंग्लंडांतील डार्टमूरच्या ओसाड माळावर १८५४ सालीं जेम्स पेरट नांवाच्या वाटाड्यानें क्रॅनमियर पूल ह्या आडवळणी जागीं एक बरणी ठेविली, आणि तेथवर चालत येणाऱ्यानें तींत आपल्या नांवाचें कार्ड टाकावें अशी चाल पडली. पुढें उपग्रह आले. अमेरिकेच्या उपग्रहांवरून जागा काढण्याची जी व्यवस्था आहे तींत सामान्य जनांस मिळणारा संकेत पूर्वीं मुद्दाम बिघडवून दिला जात असे, आणि त्यामुळें शंभर मीटरांपर्यंत चूक पडे. मे २००० च्या आरंभीं राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या आज्ञेनें हा बिघाड बंद झाला. लगेच ३ मे रोजीं ऑरेगॉन राज्यांतील रानांत डेव्ह उल्मर ह्या गृहस्थानें एक बादली अर्धवट पुरून तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. त्याच वर्षीं सप्टेंबरांत जिओकॅशिंग डॉट कॉम सुरू झालें, व आज ह्या खेळाची मुख्य नोंदवही तीच आहे. गंमत अशी कीं तिच्या हल्लींच्या नियमांप्रमाणें जागेच्या मालकाच्या स्पष्ट परवानगीवांचून डबा जमिनींत पुरण्यास मनाई आहे. म्हणजे तशी परवानगी नसती तर उल्मरसाहेबांचा पहिला डबा आज नापास झाला असता.

ॲपाची निवड करण्यापूर्वीं दोन गोष्टी समजल्या पाहिजेत. पहिली अशी कीं, उपग्रहाचा संकेत फुकट मिळतो व त्यास नेट लागत नाहीं. पुष्कळ पालकांची, आणि कांहीं शिक्षकांचीहि, समजूत ह्याच्या उलट आहे. नेट नसल्यास पहिल्यांदा जागा सांपडण्यास थोडा अधिक वेळ लागतो, इतकेंच. नेट लागतें तें नकाशाचें चित्र आणण्यासाठीं. आणि नकाशा आधीं उतरवून ठेविला असेल तर त्यासाठींहि लागत नाहीं. दुसरी गोष्ट अक्षांशांच्या लेखनाची. ह्या खेळांत आंकडे अंश व कला अशा रीतीनें, कलेचे तीन दशांश स्थळांपर्यंत लिहितात. कलेचा एक हजारांश म्हणजे उत्तर-दक्षिण १.८५ मीटर, उंच मनुष्य आडवा झोपला तर जेवढी जागा व्यापील तेवढी. फोनची स्वतःची चूक मोकळ्या आकाशाखालीं चार-पांच मीटर असते, दाट झाडींत किंवा कड्याच्या पायथ्याशीं ती वाढते. तेव्हां शेवटचीं दहा पावलें फोन खिशांत घालून डोळ्यांनींच शोधावयाचें असतें. परंतु लिहिण्यांतील चूक मात्र मीटरांची नसते. अलिबागचे अक्षांश सुमारें १८ अंश ३८.४ कला व रेखांश ७२ अंश ५२.२ कला असे आहेत. हेच आंकडे वर्गांतील एका विद्यार्थ्यानें घाईनें १८.३८४ व ७२.५२२ अंश असे भरले. फोननें निमूटपणें त्यास चाळीस किलोमीटरांहून अधिक दूर, भर अरबी समुद्रांत नेऊन उभें केलें. वर्ग पोटभर हंसला. आणि साठ कलांचा एक अंश होतो हें जें मी चार वर्षें फळ्यावर लिहीत होतों, तें त्या दिवशीं सर्वांस समजलें.

आतां माझ्या एका चुकीची हकीकत सांगणें भाग आहे.

गेल्या दिवाळीच्या सुटीपूर्वीं मीं नववीच्या मुलांस सहा जागांचे आंकडे लिहिलेला एक कागद दिला. सहावी जागा म्हणून खाडीपलीकडील एक जुनें वडाचें झाड निवडलें होतें. मी तेथें पुलावरून, फटफटीवर बसून गेलों होतों. झाडाखालीं उभें राहून फोनवरील आंकडे टिपून घेतले व परत आलों. भाऊबिजेच्या सकाळीं दोन मुलें त्या झाडाच्या शोधास निघालीं. फोनमधील ॲपनें त्यांस एक बाण दाखविला व बाणाखालीं अंतर दाखविलें, तीनशें दहा मीटर. पुलावरून जावें तर अडीच किलोमीटर. सकाळीं साडेआठच्या सुमारास खाडीच्या मधोमध पाण्याचा एक अरुंद पट्टा दिसत होता व दोहों बाजूंस नुसता चिखल. मुलांनीं चपला हातांत घेतल्या आणि बाणाच्या रोखानें चालूं लागलीं. चिखल घोट्यापर्यंत होता तो गुडघ्यापर्यंत आला, मग मांडीपर्यंत. एक पाय काढावा तों दुसरा रुतावा, ह्यांत वेळ गेला, आणि पाणी वाढूं लागलें. पलीकडे जातां येईना, मागें फिरतां येईना. जाळें टाकण्यास निघालेल्या एका कोळ्यानें त्यांच्या हांका ऐकल्या व होडी वल्हवीत नेऊन दोघांस ओढून वर घेतलें. एकाचा फोन खाडींत गेला. दुसऱ्याच्या घरीं त्याची बहीण ओंवाळण्याचें ताट घेऊन बसली होती, ती दुपारीं दोन वाजेपर्यंत तशीच बसून राहिली.

मला हें संध्याकाळीं कळलें. त्या कोळीदादांचे आभार मानण्यास मी त्यांच्या घरीं गेलों. त्यांनीं चहा पुढें केला व शांतपणें विचारलें, "मास्तर, आज बीज. दीड वाजतां भरती भरणार, हें तुम्हांला ठावें नव्हतें?"

मला ठाऊक होतें. मी ह्याच किनाऱ्यावर वाढलों आहें. तें मीं कागदावर लिहिलें नव्हतें.

आपल्या किनाऱ्यावर हा हिशेब निरक्षर मनुष्याच्याहि तोंडीं असतो. तिथीच्या अंकास पाऊणनें गुणिलें म्हणजे पूर्ण भरतीची वेळ येते. द्वितीयेस दीड, चतुर्थीस तीन, अष्टमीस सहा, मग पक्ष शुद्ध असो कीं वद्य. तेथून सुमारें सव्वासहा तास पुढें किंवा मागें मोजले म्हणजे पूर्ण ओहोटी. त्या दिवशीं ओहोटी सव्वासातासच संपली होती. भरतीचें पाणी पहिल्या तासांत हळू चढतें व तिसऱ्या-चौथ्या तासांत सर्वांत वेगानें. आमचीं मुलें नेमक्या त्याच तासांत चिखलांत होतीं. त्यांत अमावास्या दोन दिवसांपूर्वीं झालेली, म्हणजे उधाणाचे दिवस. अष्टमीचा भांग असता तर पाणी इतकें चढलें नसतें. हा हिशेब ढोबळ आहे व खाडींत आंत गेल्यावर वेळ मागेंपुढें होते, म्हणून भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षीं जीं भरती-ओहोटीचीं कोष्टकें काढितो त्यांतील मुंबईचें कोष्टक पाहणें उत्तम. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यांत ओहोटीच्या वेळीं पायीं जातां येतें, हें आपणां सर्वांस ठाऊक आहे. १६८० मध्यें बांधावयास घेतलेला तो किल्ला आंग्र्यांच्या आरमारास ज्या पाण्यामुळें उपयोगी पडला, तें पाणी आजहि दिवसांतून दोनदां त्याच्याभोंवतीं येतें. डबा शोधण्याच्या ज्या ज्या ॲपाविषयीं मी येथें लिहीत आहें, त्यांतील एकाच्याहि बाणास हें समजत नाहीं. बाण कावळ्यासारखा सरळ जातो. खाडी, कांटेरी कुंपण, करवंदीची जाळी, कडा, ह्यांपैकीं कांहींच त्याच्या खिजगणतींत नसतें.

म्हणून माझी पहिली कसोटी ही, कीं ॲपांत बाणाच्या मागें नकाशा दिसतो कीं नाहीं, आणि तो नकाशा रेंज गेल्यावरहि दिसतो कीं नाहीं. नुसता बाण दाखविणारें ॲप आपल्या किनाऱ्यावर मुलाच्या हातीं देऊं नये. परीक्षा घरींच करतां येते. फोनवरील विमानाचें चित्र असलेला खटका दाबावा, म्हणजे रेंज व नेट दोन्ही जातात. मग अंगणांत उभें राहून ॲप उघडावें. आपलें घर, विहीर, रस्ता व खाडी दिसलीं तर तें ॲप सागरगडाच्या वाटेवर किंवा फणसाडच्या अभयारण्यांत कामास येईल. करडा चौकोन दिसला तर येणार नाहीं.

ह्या कसोटीवर मुख्य संस्थेचें जिओकॅशिंग हें ॲप अर्धेंच उतरतें. तें अँड्रॉइड व आयफोन दोहोंवर चालतें, दिसण्यांत सुबक आहे, आणि नवशिक्यास त्याच्याइतकें सोपें दुसरें नाहीं. परंतु फुकट सभासदास त्यांत मुख्यतः सोपे डबे उघडतात, आणि डब्यांची यादी नेटवांचून वापरण्यासाठीं उतरवून ठेवण्याची सोय वर्गणीदारांकरितां राखून ठेविली आहे. आपल्या देशांत युरोप-अमेरिकेच्या मानानें डबे फारच विरळ आहेत; दहा-वीस डब्यांसाठीं वर्षाची वर्गणी भरावी असें मी कोणाहि पालकास सांगणार नाहीं. अँड्रॉइड फोनकरितां सी-जिओ नांवाचें दुसरें ॲप आहे. तें स्वयंसेवकांनीं केलेलें असून फुकट आहे, त्याची आंतील रचना कोणासहि वाचतां येते, आणि डबे व नकाशा दोन्ही त्यांत उतरवून ठेवितां येतात. तें मुख्य संस्थेचें नव्हे, त्यामुळें तिकडे कांहीं बदल झाला कीं हें मधूनच अडतें; शिवाय त्याच्या पडद्यावर इतकीं बटनें आहेत कीं पहिल्या दिवशीं मुलगा गोंधळतो. दुसऱ्या दिवशीं गोंधळत नाहीं, वडील गोंधळतात. आयफोनवर तें मिळत नाहीं. तेथें कॅशली म्हणून एक ॲप आहे, तें पैसे देऊन घ्यावें लागतें. आमच्या गांवच्या पालकांपैकीं आयफोन किती जणांकडे आहेत हें मी जाणतों, म्हणून त्याविषयीं अधिक लिहीत नाहीं.

परंतु माझें खरें मत असें आहे कीं, पहिलीं सहा महिने मुलाच्या फोनमध्यें ह्यांपैकीं एकहि ॲप नसावें. प्रथम ऑरगॅनिक मॅप्ससारखें, खातें न उघडतां व जाहिराती न पाहतां चालणारें नुसतें नकाशाचें ॲप घालून द्यावें. त्यांत महाराष्ट्राचा नकाशा एकदां उतरविला म्हणजे पुढें नेट लागत नाहीं. आंकडे भरले कीं त्या जागीं खूण उमटते, आणि त्या खुणेपर्यंत पायवाटेनें कसें जावें हेंहि दिसतें. हा नकाशा ओपनस्ट्रीटमॅप ह्या २००४ सालीं सुरू झालेल्या उद्योगांतून येतो, व तो जगभरच्या हौशी लोकांनीं काढिलेला आहे. आपल्या वाडीची विहीर त्यांत नसेल तर ती विद्यार्थ्यानें स्वतः घालावी. दुसऱ्यानें लपविलेला डबा शोधण्यापेक्षां आपल्या गांवची विहीर नकाशावर आणणें हें मला तरी वरच्या दर्जाचें काम वाटतें. पण हें भूगोलाच्या शिक्षकाचें मत आहे, तें त्या बेतानें घ्यावें.

फोनमधील होकायंत्राविषयीं दोन शब्द. बाणाची दिशा फोनमधील एक चिमुकलें चुंबकमापक ठरवितें, आणि तें लोखंडाजवळ बहकतें. फटफटीवर ठेविलेला फोन, चुंबकाची कडी असलेलें आवरण, लोखंडी फाटक, हीं सर्व बाणास फसवितात. हवेंत फोननें इंग्रजी आठाचा आंकडा दोन-चार वेळां काढिला म्हणजे तो पुष्कळसा ताळ्यावर येतो. ही अडचण थोर शास्त्रज्ञांसहि आली होती, आणि तिच्यामुळेंच अलिबागचें नांव जगाच्या शास्त्रीय ग्रंथांत गेलें. पृथ्वीच्या चुंबकत्वाचें मापन मुंबईंत कुलाब्याच्या वेधशाळेंत १८४१ पासून चाललें होतें. शहरांत विजेच्या ट्रामगाड्या येणार असें ठरल्यावर त्यांच्या प्रवाहानें सुया हालतील, हें जाणून नानाभाई मूस यांनीं १९०४ मध्यें अलिबागेस नवी वेधशाळा उभी केली. चुंबकाचा गुण नसलेला पोरबंदरी दगड तिच्यासाठीं वापरला, आणि जुन्या-नव्या ठिकाणचीं मापनें दोन वर्षें बरोबरीनें घेऊन मगच कुलाब्याचें काम बंद केलें. मापनाची ती परंपरा आजहि चालू आहे. अलिबागेस राहून जी मुलें त्या इमारतीवरून रोज सायकलनें जातात, त्यांस आपल्या फोनमधील बाण तिचा नातू लागतो हें ठाऊक असावें.

पालकांनीं आणखी एका गोष्टीकडे पाहावें. खातें उघडलें कीं मुलगा कोणत्या दिवशीं कोठें होता ह्याची एक जाहीर रोजनिशी तयार होते. खातें उघडावयाचेंच असेल तर तें पालकांनीं आपल्या नांवें उघडावें, टोपणनांव घ्यावें, घराजवळची जागा व छायाचित्र घालूं नये. अठरा वर्षांखालील मुलाची माहिती घेण्यास पालकांची संमति पाहिजे, हें तत्त्व आपल्या देशाच्या २०२३ च्या कायद्यानेंहि मान्य केलें आहे. परंतु मुलगा 'होय' ह्या बटनावर बोट ठेवितो तेव्हां कायदा त्याच्या शेजारीं बसलेला नसतो.

आतां डब्याविषयीं जें कडू बोलावयाचें होतें तें. मुलांनीं शोधावें, परंतु ह्या किनाऱ्यावर डबे ठेवूं नयेत, असें माझें स्पष्ट मत आहे. कुलाबा किल्ला व जंजिरा हे पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखालीं आहेत. त्यांच्या तटांतील चिरा हलवून तेथें प्लॅस्टिकचा डबा खुपसणें हा १९५८ च्या कायद्याच्या विरुद्ध तर आहेच, पण त्याहूनहि तें अडाणीपणाचें आहे. आणि दुसरें कारण अधिक गंभीर आहे. १९९३ च्या आरंभीं श्रीवर्धन तालुक्यांतील शेखाडीच्या किनाऱ्यावर स्फोटकें उतरविण्यांत आलीं, व १२ मार्च रोजीं मुंबईंत काय झालें हें मुलांनीं आपल्या आजोबांस विचारावें. ऑगस्ट २०२२ मध्यें हरिहरेश्वरजवळ शस्त्रें असलेली एक बेवारशी नौका लागली. घातपाताचा कांहीं संबंध निघाला नाहीं, तरी त्या रात्रीं जिल्ह्यांतील नाके बंद झाले होते. अशा किनाऱ्यावर दगडाखालीं ठेविलेला लोखंडी डबा दिसला तर गांवकऱ्यांनीं पोलिसांस बोलावूं नये काय? बोलवावेंच. मग त्यांत वही व पेन्सिल निघाली तरी एक दिवस दहा माणसांचा गेला.

सुदैवानें डब्यावांचूनहि हा खेळ होतो. २००४ पासून ह्या खेळांत भूगर्भशास्त्राच्या जागांची एक निराळी जात आहे. तेथें डबा नसतो, त्या जागीं जाऊन खडक पाहावयाचा व विचारलेल्या प्रश्नांचीं उत्तरें पाठवावयाचीं. आपल्या काळ्या कातळाच्या किनाऱ्यास ही रीत फार शोभेल. शाळेच्या खुणा ठरवितांना मी हेंच धोरण ठेविलें आहे: नवगांवचें बेने इस्रायल लोकांचें स्मारक, चौल-रेवदंड्याचा पोर्तुगीज तट, जेथें आजहि पोर्तुगीजेंतून निघालेली बोली घरांत बोलतात तें कोर्लई. प्रत्येक जागीं एक प्रश्न, ज्याचें उत्तर तेथें उभें राहिल्यावांचून देतां येणार नाहीं. डबा नाहीं, खड्डा नाहीं.

यंदाच्या सुटीसाठीं तो कागद मीं पुन्हां लिहिला आहे. अक्षांश व रेखांश ह्यांच्या पुढें आतां तीन रकाने अधिक आहेत: जाण्याची वाट, जागा कोणाची व परवानगी कोणाकडून घेतली, आणि भरतीची वेळ. शेवटचा रकाना मीं मुद्दाम कोरा ठेविला आहे. ज्या दिवशीं जावयाचें त्या दिवसाची तिथी पाहून मुलांनीं तो स्वतः भरावयाचा व घरच्या वडील माणसास दाखवून मगच निघावयाचें. त्या दोन मुलांनींच हा कागद तपासून दिला. वडाचें झाड यादींत कायम आहे. त्याच्यापुढें एकानें आपल्या हातानें 'पुलावरून' असें लिहिलें आहे, आणि दुसऱ्यानें त्या शब्दाखालीं दोन रेघा ओढिल्या आहेत.